कर्णधारपद न मिळालेला गोलंदाज

धानाची कापणी आटोपली की भंडारा जिल्ह्यातील बांध्या रिकाम्या होतात आणि त्या रिकाम्या बांध्यांतून क्रिकेटचे डाव रंगू लागतात. साकोली तालुक्यातील एकोडीसारख्या गावीही याहून वेगळे चित्र नाही. धसकटे काढून, पाणी शिंपडून आणि पायांनी दाबून खेळपट्टी तयार करायची, हे काम पोरेच करतात, आणि मग ज्याची बॅट त्याची पहिली फलंदाजी, हा जगातील सर्व मुलांना मान्य असलेला कायदा लागू होतो. ज्याची बॅट नाही त्याने चेंडू टाकायचा, उन्हात धावायचे आणि नालीत गेलेला चेंडू काढून आणायचा. हे दृश्य पाहताना प्रस्तुत लेखकास एका माणसाची आठवण नेहमी होते. फलंदाजीचा हक्क आपला नाही, आपण फक्त चेंडू टाकायचा, ही अट ज्याच्यावर लहानपणीच लादली गेली आणि त्याच अटीतून जो आपल्या काळातील हिंदुस्थानचा सर्वश्रेष्ठ गोलंदाज झाला, तो हा माणूस. त्यांचे नाव पालवणकर बाळू. इंग्रज वृत्तपत्रे त्यांना पी. बाळू म्हणत आणि त्याच नावाने ते क्रिकेटच्या इतिहासात आहेत. म्हणजे जे थोडेबहुत आहेत ते.

पालवणकर हे आडनाव कोकणातील पालवण या गावावरून आलेले. घराणे चांभार. चामड्याला हात लावणारी म्हणून ही जात अस्पृश्य ठरलेली, आणि क्रिकेटचा चेंडू तर चामड्याचा. तो चेंडू हाती धरताना, पँटवर घासताना, क्वचित थुंकी लावून चमकवताना सोवळ्यातल्या घराण्यांतील तरुणांना कधी विटाळ झाल्याची नोंद नाही. विलायतेहून आलेल्या चामड्याला सूट होती असे दिसते. पालवणच्या चांभाराला ती नव्हती.

बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. वडील लष्करी नोकरीत होते. इंग्रजांच्या पलटणींनी महार, चांभार आदी जातींतील कित्येक कुटुंबांना गावकीच्या विळख्यातून बाहेर काढून छावणीत आणले. छावणीत पगार होता, लिहिण्यावाचण्याची थोडी सोय होती आणि गोऱ्या अधिकाऱ्यांचे खेळ कुंपणाबाहेरून पाहावयास मिळत. हे कुटुंब पुण्यास आले, तेव्हा बाळू व त्यांचा धाकटा भाऊ शिवराम अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी-चेंडूंनीच हा खेळ शिकले. शाळा फार पुढे गेली नाही. घराला हातभार लावणे आवश्यक होते आणि पुण्यातील पारशांच्या एका क्रिकेट क्लबात मैदान झाडण्याचे व खेळपट्टीवर रूळ फिरवण्याचे काम त्यांना महिना ३ रुपयांवर मिळाले.

१८९२ च्या सुमारास ते पुण्याच्या युरोपियन जिमखान्यात लागले. पगार ४ रुपये, म्हणजे बढती १ रुपयाची. कामे तीच: खेळपट्टी तयार करणे, रेघा आखणे, जाळी उभारणे. परंतु येथे एक नवी गोष्ट घडली. साहेबांना सरावासाठी कोणीतरी चेंडू टाकणारा हवा असे, आणि हा शिडशिडीत नोकर डाव्या हाताने सावकाश, वळणारा चेंडू फार नेमका टाकतो हे एका सदस्याच्या ध्यानी आले. तेथपासून बाळू तासन् तास गोलंदाजी करू लागले. कॅप्टन जे. जी. ग्रेग हा त्या काळी हिंदुस्थानातील इंग्रज फलंदाजांत अग्रगण्य होता. त्याने हँपशायरकडून काउंटी क्रिकेट खेळले आणि निवृत्तीनंतर, नवल वाटेल, पण कॅथलिक धर्मगुरू होऊन उरलेले आयुष्य घालवले. हा ग्रेग इतरांच्या आधी एक तास मैदानावर येई आणि बाळूंच्या चेंडूंवर सराव करी. आपल्याला बाद केल्यास प्रत्येक वेळी आठ आणे, असा त्याने करार केला होता अशी आख्यायिका आहे. ती खरी असेल तर ग्रेगसारखा फलंदाज आठवड्यातून एकदा बाद झाला तरी बाळूंच्या महिन्याच्या पगारात निम्मी भर पडत असली पाहिजे. ज्या नोकराचे आठवड्याचे वेतन एक रुपया, त्याला आठ आण्यांसाठी चेंडूचा टप्पा किती काटेकोर ठेवावासा वाटेल, हे सांगणे नलगे.

मात्र त्या जाळ्यात बाळूंना बॅट कधीही हाती मिळाली नाही. फलंदाजी हा साहेबांचा, राजांचा आणि पैसेवाल्यांचा भाग. गोलंदाजी ही नोकरांची मजुरी. विलायतेतही त्या काळी असेच होते: हौशी सरदारपुत्र फलंदाजी करीत आणि पोटासाठी खेळणारे खाणकामगार व विणकर गोलंदाजी करीत. आपल्याकडे त्या भेदावर जातीची मोहोर आणखी उमटली, एवढेच. पुढे बाळूंनी खालच्या क्रमांकावर येऊन उपयुक्त धावा केल्या हे खरे. परंतु वयाच्या ज्या वर्षांत फलंदाजाचा हात बसतो ती वर्षे त्यांनी दुसऱ्यांचा हात बसवून देण्यात घालवली.

ग्रेगला चकवणारा हा नोकर पुण्याच्या हिंदू क्लबाच्या नजरेत आला नसता तरच आश्चर्य. या क्लबाला युरोपियनांवर मात करायची होती आणि मात करण्याचे साधन युरोपियनांच्याच अंगणात रूळ ओढत होते. वाद झाला. क्लबातील तेलुगू सभासद बाळूंना घ्यावे या मताचे होते, मराठी ब्राह्मण सभासदांपैकी काहींचा विरोध होता. बाळूंना वगळणारे हिंदू मूर्ख ठरतील, अशा आशयाचे मत ग्रेगने वृत्तपत्रांतून व्यक्त केल्याचे सांगतात. अखेर त्यांना घेण्यात आले. कसे घेण्यात आले हे पाहण्यासारखे आहे. मैदानावर तोच चेंडू सर्वांच्या हातून फिरे. चहाची वेळ झाली की इतर खेळाडू तंबूत चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत आणि बाळूंना तंबूबाहेर, वापरून फेकून द्यावयाच्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. हात-तोंड धुण्यास पाणी हवे असल्यास ते क्लबाच्या अस्पृश्य नोकराने कोपऱ्यात आणून द्यायचे. जेवणाचे ताट वेगळे, जागाही वेगळी. ज्या अर्ध्या तासापूर्वी याच माणसाने बळी घेतला म्हणून टाळ्या वाजल्या, त्या अर्ध्या तासानंतर त्याच्या हाताचा पेला चालत नव्हता. समाज म्हणून आपण किती सूक्ष्म हिशेब ठेवू शकतो याचा हा नमुना आहे: उपयोग कोठपर्यंत आणि विटाळ कोठून, याची सीमारेषा आपण तंबूच्या उंबऱ्यावर अचूक आखली होती.

बाळूंनी विजय मिळवून दिले. पुण्याच्या हिंदूंनी युरोपियनांना हरवले. साताऱ्याच्या गोऱ्यांनी बाळूंच्या फिरकीची धार बोथट व्हावी म्हणून खेळपट्टी मुद्दाम कठीण करून ठेवली होती. तेथेही त्यांनी ७ बळी घेतले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्या हस्ते पुण्यातील जाहीर समारंभांत त्यांचा गौरव झाला. ज्या पुण्यात या दोन थोर पुरुषांचे एकमत क्वचितच होई, तेथे ते एका गोलंदाजाविषयी झाले.

१८९६ मध्ये प्लेग आला आणि बाळू मुंबईस गेले. मुंबई हे वेगळे जग होते. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याला पारशांच्या पंक्तीला जाऊन बसायचे होते. पारशांनी १८९० पूर्वीच आपले संघ विलायतेस पाठवले होते आणि १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी हे सामने म्हणजे मुंबईचा मोठा सोहळा झाला होता. हिंदूंना त्यात स्थान नव्हते. येथेही जिमखान्यात काही सभासदांनी आक्षेप घेतले, पण कीर्तिकर या कर्णधाराने आग्रह धरून बाळूंना संघात आणले. पुढे बाळूंना रेल्वेत नोकरी मिळाली. मागोमाग शिवराम मुंबईच्या संघात आले. नंतर गणपत आणि विठ्ठल हे धाकटे भाऊही. चौघे सख्खे भाऊ एकाच प्रतिनिधिक संघाकडून खेळल्याचे उदाहरण आपल्या क्रिकेटमध्ये विरळाच.

फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांशी बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर सामना खेळला. बंगालच्या फाळणीने देश पेटलेला होता. हिंदूंच्या पहिल्या डावात २४२ धावा झाल्या; युरोपियनांच्या १९१. दुसऱ्या डावात हिंदूंनी १६० केल्या आणि युरोपियनांना १०२ धावांत गुंडाळून १०९ धावांनी सामना जिंकला. सामन्यात बाळूंनी ८ बळी घेतले. त्या विजयाने देशभर आनंद झाला, आणि सुधारकांनी लगेच दाखवून दिले की हा विजय चांभाराच्या हाताने मिळाला आहे. याच सुमारास मुंबईच्या संघात बाळू आणि शिवराम इतर खेळाडूंच्या बरोबरीने जेवावयास बसू लागले होते. पुण्याचा तंबू ते मुंबईची पंगत हे अंतर ओलांडण्यास दहा-बारा वर्षे आणि काही शे बळी लागले. ज्यांना बळी घेता येत नव्हते अशा लक्षावधी चांभारांना मात्र हे अंतर तसेच राहिले, हे विसरून चालणार नाही.

बाळूंची गोलंदाजी कशी होती? चित्रफीत नाही. परंतु समकालीनांच्या वर्णनांवरून एवढे निश्चित दिसते की ते नुसते चेंडू वळवणारे नव्हते. चार-सहा पावलांची सहज धाव, एकाच हालचालीतून निघणारा कधी उंच उडालेला तर कधी सपाट चेंडू, दोन्हीकडे वळण, वेगात सूक्ष्म बदल आणि थकवा न येणारा खांदा अशी त्यांची सामग्री होती. खेळपट्ट्या झाकण्याची पद्धत तेव्हा नव्हती. पाऊस पडून ऊन आले की ओल्या खेळपट्टीवर ते अक्षरशः खेळता येत नसत. ज्या माणसाने कुमारवयापासून खेळपट्टी स्वतःच्या हाताने लाटली, तिची ओल आणि भेगा जाणल्या, त्याला कोणता टप्पा कोठे फुटेल हे फलंदाजाच्या आधी कळत असल्यास नवल नाही. मैदान झाडण्याची ती मजुरी अशा रीतीने कामी आली.

१९११ साली हिंदुस्थानचा पहिला सर्वजातीय संघ इंग्लंडला गेला. कर्णधार पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग. पंचम जॉर्ज राजाच्या राज्याभिषेकाचे वर्ष, त्यामुळे महाराजांना मेजवान्यांतून सवड अशी थोडीच मिळाली. बहुतेक सामने त्यांच्याविना झाले. त्या वर्षी इंग्लंडचा उन्हाळा विलक्षण कडक होता, खेळपट्ट्या फलंदाजांना अनुकूल होत्या. संघ २३ सामने खेळला, त्यांतील ६ जिंकले आणि १५ हरले. अशा हरणाऱ्या संघात बाळूंनी दौऱ्यावर ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ बळी ही त्यांची प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील सर्वोत्तम कामगिरी ठरली. लेस्टरशायरवरील विजयात त्यांचा मोठा वाटा होता. सॉमरसेटविरुद्ध शिवरामने नाबाद ११३ धावा करून एका गड्याने सामना जिंकून दिला. तेव्हा बाळूंचे वय पस्तिशीत आले होते. आज या वयात गोलंदाज समालोचनाची तयारी करतो.

परतल्यावर मुंबईतील अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या प्रसंगीच्या मानपत्राची जबाबदारी एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकर या तरुणाने उचलली, असे चरित्रकार सांगतात. आपल्या समाजातला माणूस मोठ्या जगात सर्वांच्या पुढे जाऊ शकतो, याचा बाळू हे त्या पिढीतील चालताबोलता पुरावा होते. हे दोघे पुढे एकमेकांसमोर उभे राहतील असे त्या दिवशी कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

मुसलमानांचा संघ सामील झाल्यावर १९१२ पासून चौरंगी सामने सुरू झाले. हिंदू संघात सर्वांत अनुभवी, सर्वांत यशस्वी, इंग्लंडमध्ये नाव काढलेला खेळाडू कोण याविषयी दोन मते नव्हती. तरीही वर्षामागून वर्षे कर्णधार दुसराच निवडला गेला. १९१३ मध्ये एम. डी. पै यांना हे पद मिळाले, तेव्हा सत्काराला उत्तर देताना हा मान ज्येष्ठ मित्र बाळूंचा होता असे त्यांनी जाहीरपणे मान्य केले. पै यांचा मोठेपणा निःसंशय. परंतु निवड समितीवर त्या मोठेपणाचा परिणाम झाला नाही. १९१६ साली नागपूरचा सी. के. नायडू हा नवखा तरुण हिंदूंच्या संघात आला, तेव्हाही बाळू खेळत होते आणि दुसऱ्याच्या हाताखाली खेळत होते. गोलंदाजाला सांगता येते, कर्णधाराचे ऐकावे लागते. चांभाराच्या हुकमावरून ब्राह्मण तरुणाने सीमारेषेपाशी जाऊन उभे राहावे ही कल्पनाच सोसवत नव्हती. पंगतीचा प्रश्न त्या मानाने सोपा होता, कारण पंगतीत सर्व समान बसतात. कर्णधारपदात एक वर बसतो.

१९२० मध्ये हे गळू फुटले. पै आजारी होते आणि त्यांच्या जागी दि. ब. देवधर यांची निवड झाली. देवधर गुणी फलंदाज होते, पण पालवणकर बंधूंच्या तुलनेत कनिष्ठ. बाळू तर संघाबाहेरच होते. विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले आणि जातीवरून हा अन्याय होत आहे, असे वृत्तपत्रांतून स्पष्ट सांगितले. वीस-बावीस वर्षे मुकाट्याने खेळलेल्या घराने पहिल्यांदा तोंड उघडले. गांधीजींच्या असहकाराचे ते वर्ष होते. नकाराचे हत्यार काय करू शकते हे सर्व देश पाहात होता. मुंबईचे जनमत भावांच्या बाजूने झुकले. अंतिम सामन्यापूर्वी तडजोड झाली: पै बरे होऊन कर्णधार झाले, भाऊ परत आले आणि बाळूंना उपकर्णधार करण्यात आले. सामना चालू असता पै काही काळ मैदानाबाहेर गेले तेवढा वेळ संघाची सूत्रे बाळूंच्या हाती होती. त्या हंगामाबरोबर त्यांची कारकीर्द संपली. प्रथम दर्जाचे ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१.

१९२३ साली विठ्ठल हिंदूंचा कर्णधार झाला, संघ जिंकला आणि प्रेक्षकांनी, त्यांत उच्चवर्णीय किती होते, त्याला खांद्यावर घेऊन मिरवले. मोठ्या भावाचे देणे धाकट्याला मिळाले. विठ्ठलरावांनी पुढे मराठीत ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र लिहिले. बाळूंनी स्वतः काही लिहून ठेवले नाही.

त्यांच्या उत्तरायुष्यातील राजकारण हा काहींना अडचणीचा भाग वाटतो आणि म्हणून तो गाळला जातो. तसे करणे योग्य नाही. १९३२ मध्ये जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले, गांधीजींनी येरवड्यात उपोषण आरंभले, तेव्हा बाळू एम. सी. राजा यांच्यासह संयुक्त मतदारसंघाच्या पक्षात होते. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर डॉ. आंबेडकरांच्या सहीबरोबर पी. बाळू ही सहीदेखील आहे. पुढच्या वर्षी मुंबई महापालिकेची निवडणूक त्यांनी हिंदुमहासभेतर्फे लढवली व ते हरले. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत डॉ. आंबेडकरांविरुद्ध त्यांनाच उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५.

या निवडणुकीत काँग्रेसने बाळूंचा वापर केला काय? केला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आंबेडकरांसमोर उभे करावयास नाव असलेला अस्पृश्य उमेदवार पाहिजे होता आणि ते नाव क्रिकेटने तयार करून ठेवले होते. पूर्वी युरोपियनांना हरवण्यासाठी जो हात हवा होता, तोच आता दुसऱ्या कामी हवा होता. परंतु बाळू नुसते बाहुले होते असे म्हणणे हा त्यांच्यावरचा दुसरा अन्याय होईल. मातीच्या भांड्यापासून एकत्र पंगतीपर्यंतचा प्रवास त्यांनी स्वतः केला होता; १९२० मध्ये मुंबईच्या हिंदूंनी आपल्या भावांची बाजू घेतलेली पाहिली होती. हे मन बदलू शकते, असा त्यांचा अनुभव होता. आंबेडकरांचा अनुभव निराळा होता: त्यांनी १९२७ साली महाडच्या तळ्यावर लाठ्या पाहिल्या होत्या, १९३० पासून काळाराम मंदिराची बंद दारे पाहिली होती. एकाने बळी घेऊन जे मिळवले ते बळी न घेता सर्वांना मिळावे, ही दुसऱ्याची मागणी होती. आंबेडकरांचा विचार अधिक खोल होता हे मान्य करूनही बाळूंचे मत त्यांच्या आयुष्यातून आले होते, हे नाकारता येणार नाही. त्या ११,२२५ मतदारांतही त्यांच्याच समाजातले लोक असले पाहिजेत.

भंडारा जिल्ह्याला हा संघर्ष परका नाही. १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबईत ना. स. काजरोळकर यांनी डॉ. आंबेडकरांचा पराभव केला, आणि १९५४ मध्ये ते भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत उभे राहिले. तेव्हा भंडारा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि गोंदियाही याच जिल्ह्यात होते. काँग्रेसचे भाऊराव बोरकर सुमारे ८ हजार मतांनी निवडून आले. दुसऱ्या जागेवर अशोक मेहता आले. त्या निवडणुकीच्या सभा पाहिलेली पिढी आता जवळजवळ संपली आहे, पण वडीलधाऱ्यांच्या तोंडून ती हकीकत ऐकलेले अनेकजण अजून या भागात भेटतात. बाळूंचे नाव मात्र त्यांच्यापैकी कोणाच्या तोंडून प्रस्तुत लेखकाने ऐकले नाही.

१९३२ च्या जूनमध्ये लॉर्ड्‌सवर भारताचा पहिला कसोटी सामना झाला, तेव्हा नागपूरचे नायडू कर्णधार होते आणि बाळू पंचावन्नच्या पुढे गेले होते. कसोटीची टोपी त्यांना मिळण्याचा संभवच नव्हता. रामचंद्र गुहा यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांना मध्यवर्ती स्थान दिले, तेव्हा इंग्रजी वाचणाऱ्यांना त्यांची पुन्हा ओळख झाली. ज्या भाषेत त्यांच्या भावाने आत्मचरित्र लिहिले त्या भाषेत ते त्या मानाने अपरिचितच राहिले आहेत.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत पालवणकर बाळू यांचे निधन झाले. भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीला तेव्हा एक वर्ष होऊन गेले होते, आणि डॉ. आंबेडकरांच्या आयुष्याचे सतरा महिने शिल्लक होते.